देऊनये

हुरडा आला. म्हणजे रस्त्याच्या कडेला टेबल मांडून, प्लास्टिकच्या पिशव्यांत तोलून विकतात तो हुरडा आला. काल शेजारच्यांनी वाटीभर आणून दिला. गार झालेला, वर बारीक शेव भुरभुरलेली. मी दोन दाणे तोंडात टाकले आणि वाटी झाकून ठेवली. हुरडा गार खायचा नसतो आणि त्यावर शेव घालायची नसते, पण ऐंशीच्या घरात आलेल्या बाईने शेजाऱ्यांना काय काय सांगत बसायचं.

रेवा, मागे तू शाळेसाठी पणजोबांवर एक पान लिहून मागितलंस, ते मी पाठवलं. सोलापूरच्या दिवाणी कोर्टात तीस वर्षं वकिली, जमिनीच्या आणि वाटणीच्या दाव्यांत हातखंडा, मोडी कागदांचा व्यासंग, मुलींनी शिकावं असं ठाम मत. तुझ्या बाईंनी त्यावर सोनेरी तारा चिकटवला म्हणे. त्या पानात एकही शब्द खोटा नाही. काय लिहायचं आणि काय गठ्ठ्यात राहू द्यायचं, हे मी त्यांच्याकडूनच शिकले. आता हे दुसरं पान. हे शाळेत नेऊ नकोस. तुझ्या भावाला, नीलला, मात्र वाचायला दे. तो कायदा शिकणार म्हणतोय.

तुमच्याकडे आता बर्फ पडत असेल. इथे पौषात जमीन भेगाळते. काळी जमीन, हात जाईल एवढ्या भेगा, आणि त्या भेगांच्या मधोमध पुरुषभर उंचीची ज्वारी उभी. पाऊस कधीच निघून गेलेला असतो. ज्वारी नुसत्या दवावर आणि जमिनीच्या पोटातल्या ओलीवर वाढते. कणीस भरत आलं की दाणा काही दिवस हिरवा, दुधाळ राहतो. तेवढेच दिवस हुरड्याचे. मग तो टणक होतो, त्याची भाकरी होते आणि मजा संपते. नेमकी याच दिवसांत कोर्टाला नाताळची सुट्टी लागायची. त्यामुळे आमच्या घरात हुरडा आणि कोर्टाची सुट्टी हे एकाच हंगामाचं नाव होतं. पक्षकार गाडी पाठवायचे, वकीलसाहेबांनी रानात येऊन हुरडा खाल्ल्याशिवाय त्यांना बरं वाटायचं नाही.

वडिलांना, म्हणजे तुमच्या पणजोबांना, आम्ही तात्या म्हणत असू. ते उंच, सावळे होते आणि फार कमी बोलायचे. फौजदारी काम त्यांनी कधी घेतलं नाही. म्हणायचे, "फौजदारीत माणसं खोटं बोलतात. आपल्याला कागद पुरतात." विहिरीच्या पाळ्या, बांध, दत्तकपत्रं, भावाभावांच्या वाटण्या, हे त्यांचं जग. सातबाऱ्याचा उतारा ते असा वाचायचे की जणू एखादं नाटक वाचताहेत. कोण आत आला, कोण बाहेर गेला, कोणाचं नाव कोणत्या साली गळालं. गळालेल्या नावावर बोट ठेवून थांबायचे.

त्यांना नाटकाचा, पत्त्यांचा, गाण्याचा नाद नव्हता. नाद एकच, जुने कागद. वाण्याकडे पुड्या बांधायला आलेली मोडी रद्दी ते शेरावर विकत घ्यायचे आणि रविवारी पडवीत रुमाल सोडून बसायचे. रुमाल म्हणजे कागदांचं फडक्यात बांधलेलं बोचकं. शेजारी बोरू तासायचा चाकू, शाईची दौत, एक ओलं फडकं. माझ्या बोटांना आजही त्या कागदांचा स्पर्श आठवतो. जाड, किंचित खरखरीत, आणि वास जुन्या हळदीसारखा. "हा माणूस दमेकरी होता बघ," ते म्हणायचे, "दर चौथ्या अक्षराला बोरू उचललाय." किंवा, "ही बाईने सांगून लिहवून घेतलेली चिठ्ठी. पुरुष एवढ्या वेळा मुलांची नावं घेत नाही." मेलेली माणसं ते अक्षरांवरून उठवून बसवायचे. मला ते जादूगार वाटत. अजूनही, इतकं सगळं ठाऊक असून, त्या रविवारांबद्दल वाईट लिहायला हात वळत नाही.

मोडी त्यांनीच शिकवली. मी इंग्रजी शाळेत मॅट्रिकच्या वर्गात होते. विसाचं दशक संपत आलं होतं. वर्गात आम्ही दोनच मुली. घरी आल्यावर दुपारी पडवीत पाटी. आमच्या मागच्या गल्लीत विणकरांची घरं होती, तिथून मागांची खटखट दिवसभर यायची, आणि त्या खटखटीवरून तेलुगूत एकमेकींना मारलेल्या हाका. त्या आवाजात मी मोडी शिकले. मोडीत आधी कागदभर आडवी रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं लटकवत जायची. ऱ्हस्व-दीर्घ वेगळं नाही. विराम नाहीत. आणि दोन शब्दांच्या मध्ये जागा नाही. सगळी ओळ एका श्वासात. मी विचारलं होतं, "मग शब्द कुठे तोडायचा ते कसं कळतं?"

"ज्याला भाषा कळते त्याला कळतं," तात्या म्हणाले. "लिहिणाऱ्याने जागा सोडलेली नसते. ती वाचणाऱ्याने करायची."

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं होतं. खाली तारीखही घातली होती. मला तशी सवय आहे.

त्या वर्षी तात्यांच्या कारकुनाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. मोडी कागदाची बाळबोध, म्हणजे देवनागरी, नक्कल आणि इंग्रजी तर्जुमा करायचं काम माझ्याकडे आलं. सबजज्ज त्या वर्षी गुजरातेतून बदलून आलेले होते. सज्जन म्हणून नाव होतं. मराठी समजायचं, बाळबोध वाचता यायचं, मोडी मात्र अजिबात नाही. त्यामुळे नकलेला महत्त्व होतं. मला केवढा अभिमान. माझं अक्षर कोर्टात जाणार.

दावा होता होटगीच्या पलीकडच्या एका गावचा. तात्यांचा पक्षकार मल्लाप्पा, वादी. प्रतिवादी त्याची थोरली वहिनी गंगव्वा, विधवा, मूलबाळ नाही. विहिरीखालचा दोन एकरांचा तुकडा तिच्या ताब्यात होता. तिचं म्हणणं, सासऱ्यांनी जिवंतपणी तो तिला पोटापाण्यासाठी तोडून दिला, ती असेपर्यंत तिचा. मल्लाप्पाचं म्हणणं, वडिलांनी असं काही दिलं नाही, ती तिथे नुसती राबत होती, तिला उठवा. म्हातारा शेवटची वर्षं अक्कलकोटला मठाजवळ जाऊन राहिला होता. तिथून त्याने मल्लाप्पाला स्वतःच्या हाताने लिहिलेलं एक पत्र दाव्यात लावलेलं होतं.

तात्यांनी ते माझ्यापुढे ठेवलं. "वाच. सावकाश."

मी वाचलं. आशीर्वाद, माझी प्रकृती बरी नाही, आणि मग ओळ: विहिरीखालीलतुकडाथोरलेसुनेसदेऊनये. पुढे, वरकड मजकूर भेटीअंती.

"विहिरीखालील तुकडा थोरले सुनेस देऊ नये," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की."

"शाबास," ते म्हणाले. तात्या शाबास कधी म्हणत नसत.

मी नक्कल केली. माझ्या सगळ्यात चांगल्या अक्षरात, देऊ लिहिलं, एका दाण्याएवढी जागा सोडली आणि नये लिहिलं. शेजारच्या कागदावर इंग्रजीत, द्यायला नको असं. खाली तात्यांनी सही केली. तो शेंदरी दोरा, कोर्टाच्या शिक्क्यातलं ते निशाणीच्या आकड्याचं चौकोनी घर, सगळं मला आज या क्षणी दिसतं आहे.

सुट्टी लागली. मल्लाप्पाचं हुरड्याचं बोलावणं आलं. सकाळच्या गाडीने होटगी आणि तिथून बैलगाडी. मी हट्टाने गेले. गाडीत कडबा अंथरलेला होता, त्याचा गोडसर वास. दोन्ही बाजूंनी ज्वारी इतकी दाट की रस्ता म्हणजे भिंतींमधली बोळ वाटत होती. दव अजून पानांवर होतं आणि चाकाला पान घासलं की हातावर उडत होतं.

रानात आगटी पेटवलेली होती. जमिनीत वीतभर खड्डा, त्यात गोवऱ्यांचे निखारे, निखाऱ्यांत खुपसलेली कणसं. आणि आगटीपाशी डोक्यावरून पदर घट्ट खोचून गंगव्वा बसली होती. कोणीतरी तिचं नाव घेतलं आणि मला वाटलं, माझी ऐकण्यात चूक झाली. मी तात्यांना हळूच विचारलं, "प्रतिवादी?"

"दावा कोर्टात," तात्या म्हणाले. "इथे ती घरची थोरली सून आहे. पाहुण्यांना हुरडा कोण भाजणार?"

मल्लाप्पा पोत्यावर घोंगडी झटकत म्हणाला, "वैनी, सायबांना कवळी कणसं द्या की."

"कवळी माझ्या रानात हायती," गंगव्वा वर न बघता म्हणाली. "तुमच्यातली जून झाली. दात पडतील सायबांचे, मग कोर्टात बोलायचं कोन?"

मल्लाप्पा हसला. तात्याही हसले. ती उठली, बांध ओलांडून खालच्या तुकड्यात गेली आणि ओंजळभर कणसं घेऊन आली. विहिरीचा पाझर त्या तुकड्याला होता. तिथली ज्वारी हिरवीगार, दाणा मोत्यासारखा. निखाऱ्यांतून कणीस काढून तिने उघड्या तळव्यांत चोळलं, फुंकर मारून कोंडा उडवला आणि वाफाळते दाणे तात्यांच्या हातावर ठेवले. गूळ, शेंगांची चटणी, दह्याचं गाडगं पुढे केलं.

"खावा, वकीलसायेब. औंदा माझ्या रानातला खावा. फुडल्या साली हितला हुरडा कोन भाजंल कुनाला ठावं."

"गोड आहे, गंगव्वा," तात्या म्हणाले.

"रान गोड हाय म्हनून तर भांडान हाय."

मी कणीस चोळायला गेले आणि तळवा भाजून घेतला. गंगव्वाने माझा हात धरून गाडग्यातलं दही वर थापलं. "अक्का, इस्तू हाय त्यो, पुस्तक न्हाय," ती म्हणाली आणि मला जवळ बसवून घेतलं. पुरुष विहिरीकडे बांध बघायला गेले. ती कणसं खुपसत, काढत राहिली आणि बोलत राहिली. तिला बोलायला कोणी नव्हतं बहुतेक.

"मामांजी हितंच बसायचे. लई कडक. आमी समद्या भ्यायचो. पर काम सांगायची तऱ्हा एकच बगा. बैल सोडून ये. अव्वाला भाकर देऊन ये. म्हशीकडं बगून ये. समदं 'ये'वर. मी आन धाकटी जाऊ हसायचो. म्हनायचो, यम आला तर मामांजी त्याला बी सांगतील, वाईच पानी पिऊन ये."

मीही हसले. आणि हसताहसता तोंडातला दाणा तसाच राहिला.

देऊन ये.

मी विचारलं, म्हणजे विचारलंच नाही, चोरासारखं चाचपून बघितलं. "आणि एखादं काम करायचं नाही असं सांगायचं असलं तर?"

"तर नको म्हनायचे. जाऊ नको, देऊ नको." तिने माझ्याकडे नवलाने पाहिलं. "दुसरं काय म्हनत्यात, अक्का?"

दुसरं काय म्हणतात. शाळेच्या भिंतीवर म्हणतात, येथे थुंकू नये. व्याकरणाच्या पुस्तकात म्हणतात. मी म्हणते, तात्या म्हणतात. रानात कोणी नये म्हणत नाही. बाप मुलाला नये लिहीत नाही. तो आजारी आहे, मुलाला बोलावतो आहे, बाकीचं भेटीअंती सांगणार आहे. त्याआधी एक काम उरकून यायला सांगतो आहे. तुकडा वहिनीस देऊन ये. सगळं त्या ओळीत होतं आणि मी मधे एका दाण्याएवढी जागा सोडून ते उलटं केलं होतं.

परतताना गाडीत मी तळव्याकडे बघत बसले. तात्यांना वाटलं, हात दुखतोय.

दुसऱ्या दिवशी दुपारी तात्या झोपले असताना मी मल्लाप्पाच्या कागदांचा रुमाल सोडला. म्हाताऱ्याची आणखी सात पत्रं त्यात होती. दाव्यात लावलेली नव्हती. मी ती नीट, एकेक करून वाचली आणि कागदावर दोन रकाने आखले. एकात म्हाताऱ्याने जे जे करायला सांगितलं ते: बियाणे पाहून ये, सोयऱ्यास भेटून ये, देवास नारळ देऊन ये. दुसऱ्यात जे जे करू नको म्हटलं ते: बैल विकू नको, कोणास जामीन राहू नको, थोरलीस टाकून बोलू नको. नको, नको, नको. सात पत्रांत नये एकदाही नाही.

तात्या उठले, चूळ भरून पडवीत आले, बोरू तासायला बसले. मी कागद पुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून तो वरपासून खालपर्यंत वाचला. एका ठिकाणी मी पहिली वेलांटी दिली होती, तिथे बोरूने दुसरी केली.

"उत्तम काम आहे," ते म्हणाले. "आमच्या बारमध्ये इतकं स्वच्छ टिपण करणारे दोन जण निघायचे नाहीत."

"मग नक्कल बदलायची ना?"

"का?"

"चुकली आहे ती."

"चुकली असं कोण म्हणतं? ओळ दोन्ही तऱ्हांनी वाचता येते. एक वाचन आपलं. दुसरं त्यांचं. त्यांचं त्यांनी वाचावं, त्यांनाही वकील आहे."

"त्यांना ही सात पत्रं कुठे ठाऊक आहेत?"

"त्यांनी मागितली नाहीत."

बोरूचे छिलके खाली पडत होते, बारीक, गोल. मला वाटतं त्या वेळी मला रडू यायला हवं होतं. मला नुसती शंका आली, आणि ती मी विचारली. "तात्या, तुम्हाला आधीच दिसलं होतं?"

त्यांनी टोकावर फुंकर मारली. "मी वीस वर्षं खेड्यातल्या माणसांत बसतो आहे. मला दोन्ही दिसणार. मी सही केली ती नक्कल खरी आहे म्हणून, आणि नक्कल करणाऱ्याला एकच दिसायला हवं होतं. तू शाळेतली मुलगी. तुला एकच दिसणार होतं." मग अगदी मायेने म्हणाले, "यात खोटं काही नाही, इंदू. पक्षकाराचा विश्वास हाही एक शब्द असतो. तो मोडायचा नसतो."

त्यांनी रुमालाची गाठ मारली. माझा रकान्यांचा कागद त्यांनी आत नाही टाकला. तो मला परत दिला.

नील, तुझ्या त्या देशात म्हणे असे कागद दुसऱ्या बाजूला दाखवावेच लागतात. तू फोनवर सांगत होतास. चांगलं आहे. पण आधी मागावे लागतात ना? मग काय मागायचं ते ठाऊक असायला लागतं. म्हणजे पुन्हा आमच्या पडवीतच आलास.

सुट्टी संपली. गंगव्वाचा वकील तरुण होता, नुकताच पुण्याहून आलेला, नवा कोट. साक्षीदारांची उलटतपासणी त्याने फार जोरात केली असं तात्या जेवताना सांगत होते. पत्राबद्दल त्याचं म्हणणं एवढंच की अक्षर म्हाताऱ्याचं नाही. अक्षर तर म्हाताऱ्याचंच होतं. त्या दोन शब्दांमधल्या जागेबद्दल कोणी काही विचारलं नाही. जज्जसाहेबांनी बाळबोध नक्कल हातात धरून वाचली आणि अक्षराची तारीफ केली. हे तात्यांनी मला भात वाढून घेताना सांगितलं. आई म्हणाली, "बघ गं." मी बघितलं. ताटात वांग्याची भाजी होती.

निकाल संक्रांतीनंतर लागला. सोलापुरात यात्रेची गर्दी, रस्त्यावर बत्तासे आणि गुऱ्हाळाची काकवी, धुरळा. कोर्टाने गंगव्वाला सुगी होईपर्यंत मुदत दिली. उभं पीक तिने काढावं आणि मग ताबा द्यावा. दयाळू निकाल म्हणून त्याचं नाव झालं.

मी पुढे शिक्षिका झाले, तुम्हाला ठाऊकच आहे. मुलींच्या शाळेत सत्तावीस वर्षं मराठी आणि इंग्रजी. मुली मला मागून जागावाल्या बाई म्हणत. दोन शब्द चिकटून लिहिले की मी अर्धा गुण कापायची. पालक भांडायला येत. एवढ्याशा जागेचं काय घेऊन बसलात बाई, म्हणत. मी अर्धा गुण कधी परत दिला नाही. तात्या गेले तेव्हा त्यांचे रुमाल माझ्याकडे आले, सगळे, नावनिशीवार लावलेले. ती सात पत्रं त्यांत नव्हती. पक्षकाराचे कागद काम संपल्यावर पक्षकाराला परत द्यायचे, हा त्यांचा नियम होता आणि तो त्यांनी पाळला. ते कुठलाच नियम मोडायचे नाहीत. त्यांच्यावर राग धरायला जागाच नाही, आणि मी साठ वर्षं राग धरला. म्हणायची, त्यांनी माझ्या हातून करून घेतलं. मी सोळा वर्षांची होते. मला काय कळत होतं. हे मी तुमच्या आजोबांना सांगितलं, माझ्या बहिणीला सांगितलं, तुमच्या आईला सांगितलं. सगळ्यांनी मान हलवली. गोष्ट इथपर्यंतच सांगितली की मान हलवायला सोपी जाते.

पुढचं कोणाला सांगितलेलं नाही.

निकालानंतर दोन आठवड्यांनी गंगव्वा आमच्या घरी आली. दुपारची वेळ. पायात धूळ गुडघ्यापर्यंत, होटगीहून चालत आली असावी. पडवीच्या खांबाला हात लावून उभी राहिली. मी तिला बसायला सांगितलं, पाणी दिलं. ती पाणी प्यायली, भांडं उपडं ठेवलं आणि म्हणाली,

"अक्का, तो मामांजींचा कागद तुमीच लिवला म्हनं."

"नक्कल केली," मी म्हटलं.

"मला वाचून दावा की."

"कोर्टात वाचला ना?"

"वाचला. जज्जसायेब वाचत हुते, आमचा वकील वाचत हुता. मला त्यातलं मामांजींचं काय बी आयकू आलं न्हाय." तिने पदराने तोंड पुसलं. "वकील म्हनतोय, वरच्या कोर्टात जाऊ. मुदत हाय अजून. मी म्हनलं, थांब, आदी मी इचारून येते. मामांजींनी खरंच न्हाय म्हनलं आसंल, तर मी फुडं जात न्हाय. मेल्या मानसाचा शबुद मोडून त्या रानात भाकर खायची न्हाय मला. आन व्हय म्हनलं आसंल, तर मी मंबईपतुर जाते. हातातल्या पाटल्या हायत्या. तुमी आमच्यात बसून हुरडा खाल्लाय. तुमी खोटं वाचनार न्हाय."

माझ्या मेजाच्या खणात नकलेची कच्ची प्रत होती. मी ती आणली. तिच्यासमोर जमिनीवर बसले. माग खटखटत होते. तिने डोळे मिटले, देवळात मिटतात तसे.

मी वाचलं. चिरंजीव मल्लाप्पास आशीर्वाद. माझी प्रकृती बरी नाही. विहिरीखालील तुकडा थोरले सुनेस देऊ

आणि थांबले. पुढची दोन अक्षरं राहिली होती. त्यांतलं पहिलं मागच्या शब्दाला जोडायचं की नाही, एवढंच. जोडलं असतं तर ती उठून सरळ तिच्या वकिलाकडे गेली असती. मग मला रकान्यांचा तो कागद द्यावा लागला असता. तात्यांना सगळ्या गावासमोर उत्तर द्यावं लागलं असतं. हे सगळं माझ्या मनात आलं असं मी पुष्कळ वर्षं मानत आले. खरं म्हणजे एवढं काही आलं नाही. मनात आलं ते हे, की जज्जसाहेबांनी माझ्या अक्षराची तारीफ केली आहे आणि माझी नक्कल चुकलेली नसावी.

"नये," मी वाचलं.

तिने डोळे उघडले नाहीत. "नये?"

"हं."

"मामांजी नये कवा म्हनाय लागले," ती म्हणाली. माझ्याकडे नव्हतीच बघत. मग तिनेच उत्तर शोधून काढलं. "अक्कलकोटाला ऱ्हाऊन चांगल्या मानसांत बसले. बोलनं बदललं आसंल."



तिने हात पुढे केला. मी कच्ची प्रत दिली. तिने ती कपाळाला लावली, माझ्या अक्षराच्या बाजूने, आणि परत दिली. "बरं झालं इचारलं," म्हणाली. "उगा भांडत बसले असते."

अपील झालं नाही. सुगी झाल्यावर ती माहेरी, भावाकडे गेली असं मल्लाप्पाने नंतर कधीतरी तात्यांना सांगितलं. कुठल्या गावी, ते मी विचारलं नाही.

मुलांनो, तात्या त्या दिवशी घरी नव्हते. करमाळ्याला एका जमिनीच्या मोजणीसाठी गेले होते, दोन दिवसांनी येणार होते. आई शेजारी गेली होती. दाराआड कोणी उभं नव्हतं, पक्षकार नव्हता, कोर्ट नव्हतं. पडवीत आम्ही दोघीच होतो, आणि तिला वाचता येत नव्हतं.